जेवणानंतरचं आवळणं

१

बारा वाजता नगरपालिकेचा भोंगा वाजतो. तो वाजला की मी हातातलं काम आहे तिथे ठेवते, शटर कमरेपर्यंत खाली ओढते, कोपरापर्यंत हात घासते आणि वर जाऊन जेवते. सकाळचा भात, सुकी मासळी, मुळ्याचं लोणचं. एक वाजता खाली. वडिलांच्या वेळेपासून या दुकानात हेच चालत आलंय. आमच्या ओवासे गावात कुणालाही विचारा, बारा ते एक इवामोतोंच्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात चिटपाखरू सापडायचं नाही.

सायोरी त्या सोमवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना आली. लाकडाच्या वखारीचा छोटा ट्रक आणि मागे ताडपत्रीखाली एक मोटरसायकल. पोरीनं ताडपत्री ओढली, आणि मला वाटलं, वर जावं आणि दार लावून घ्यावं.

"ओळखलीत ना काकू?"

न ओळखायला काय झालं? त्र्याहत्तर सालची, सव्वातीनशे सीसी, जुळ्या सिलिंडरची, विटकरी टाकी. सहा वर्षांपूर्वी माझ्याच दुकानातून बाहेर पडली होती. सायोरीचे वडील तेरुयुकी तिच्यावर बसून यानोको घाटाकडे गेले आणि परत आले नाहीत.

"चालू होते," सायोरी म्हणाली. "मामानं चासी सरळ करून दिली, बाकीचं मी जमवलं. फक्त ऑइलच्या बोल्टचं भोक राहिलंय. आटे गेलेत."

मी वाकून बघितलं. इंजिनच्या पोटाखाली, जिथे ऑइल सोडायचा बोल्ट असतो, तिथे तिनं लाकडाचं बूच ठोकलं होतं. वखारीत काम करणारी मुलगी, बूच मात्र असं सुबक तासलेलं की बघत राहावं.

"दुसरीकडे कुठे दाखवलं नाहीस?"

"इथे बिघडलं ना? मग इथेच नीट व्हायला पाहिजे."

हे ती रागानं म्हणाली असती तर मला परवडलं असतं. तिनं ते अगदी सरळ सांगितलं. येत्या रविवारी वडिलांचं श्राद्ध. त्यांची कबर घाटापलीकडे, कुमानोच्या अंगाला. पोरीला त्यांच्याच गाडीवरून, त्याच घाटातून तिथवर जायचं होतं.

"आई काय म्हणते?"

"आई माझ्याशी बोलत नाहीये," ती म्हणाली, आणि भोंगा वाजला.

"ठेव इथे," मी म्हटलं. "रविवारी सकाळी ये."

२

ऑइलचा बोल्ट म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा. इंजिनचा तळ असतो अॅल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. बोल्ट सैल राहिला तर हादऱ्यांनी फिरत फिरत गळून पडतो. जास्त आवळला तर भोकातले आटे सोलून निघतात आणि तरीही तो एक दिवस पडतोच. पडला की सगळं ऑइल मागच्या चाकाखाली. घाटाच्या वळणावर तेरुयुकींचं तेच झालं.

पोलिसांना भोक रिकामं दिसलं. बोल्ट दरीत कुठे गेला, मिळालाच नाही. अपघाताच्या दोन दिवस आधी ऑइल आम्ही बदललं होतं. माझा नवरा कात्सुहेई त्यांच्या घरी गेला, चटईला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "दुसऱ्यांदा आवळायचं मी विसरलो." मी शेजारी बसले होते, मीही कपाळ टेकवलं. एकदा माफी मागून झाल्यावर मग गाडी तपासू द्या म्हणणं म्हणजे सबब शोधणं. तसं आमच्याकडे कुणी करत नाही. त्यामुळे त्या भोकात बॅटरी मारून कुणी बघितलंच नाही. ना पोलिसांनी, ना आम्ही.

दुसऱ्यांदा आवळणं काय ते सांगते. दुकान माझ्या वडिलांचं. मुलगा नाही, मी एकटी. हाताला वळण माझ्या होतं, पण बाप म्हणजे बाप. पोरीच्या मनगटावर त्यांचा विश्वास नव्हता. कात्सुहेई घरजावई म्हणून आला, आमचं आडनाव लावून घेतलं, आणि पहिल्याच दिवशी वडिलांनी त्याला सांगितलं, "तोमिए जे जे आवळेल, ते ते जेवण झाल्यावर तू पुन्हा आवळायचं. मगच रेघ मारायची."

ती रेघ म्हणजे पांढऱ्या रंगाची खूण, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत सलग. बोल्ट पुढे हलला तर रेघ तुटलेली दिसते. सगळीच दुकानं मारतात. मला फक्त याचा राग यायचा, की रेघ मारायचा मान त्याचा. मी टॉर्क पान्यानं जोर मोजून आवळायची, आणि तो एक वाजता खाली येऊन साध्या पान्यानं, अंदाजानं, आणखी जरासं. लग्नाला वर्ष झालं तेव्हा मी भांडले होते. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना झोप लागते, मला चार घास सुखाचे मिळतात. तुझं काय जातं?" वडील वारले तरी त्याची सवय सुटली नाही. अठ्ठावीस वर्षं.

अपघातानंतर तो दर महिन्याच्या त्या तारखेला तेरुयुकींच्या घरी जाऊन नमस्कार करून यायचा. सायोरीची आई आत निघून जायची, शाळकरी सायोरी त्याला चहा द्यायची. दुकानात मात्र तो असा आवळू लागला की जोर वाढवायला पान्याला पाइप जोडायचा. मी मनात म्हणायची, असू दे. दुधानं तोंड पोळलेला माणूस, फुंकून प्यायचाच. दोन वर्षांनी छातीत कळ येऊन गेला. त्यालाही आता चार वर्षं झाली. तेव्हापासून आवळतेही मी, आणि रेघही मीच मारते.

३

मंगळवारी सकाळी कामाला लागले. गाडी दोन्ही बाजूंनी टेकूंवर घेतली आणि खाली पाठीवर निजले. बूच काढून ऑइल सोडलं, भोक पुसलं. आत आटे नव्हतेच. नखानं चाचपलं तर कडेला अॅल्युमिनियमची एक बारीक पट्टी सुटून लोंबत होती, बटाट्याच्या सालीसारखी. ती चिमट्यानं ओढून डबीत ठेवली. का ठेवली, तेव्हा सांगता आलं नसतं.

असं भोक नीट करायचं तर ते थोडं मोठं करून नवे आटे पाडायचे, आणि त्यात तारेची एक घट्ट गुंडाळी बसवायची. गुंडाळीच्या आत मूळ मापाचे आटे तयार मिळतात, पोलादाचे, पहिल्यापेक्षा पक्के. घाई नडते. आटे पाडायच्या हत्याराला ग्रीस फासायचं म्हणजे कीस त्याला चिकटतो, इंजिनात जात नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. हत्यार तिरपं गेलं की संपलं. मला दीड तास लागला. एरवी एवढा लागत नाही.

गुंडाळी बसली. तिचं शेपूट मोडून बाहेर काढलं, वरून पातळ ऑइल ओतून उरलासुरला कीस भोकातून धुऊन काढला. नवा बोल्ट, नवा तांब्याचा वॉशर. टॉर्क पाना तीन किलोवर. टक. ऑइल भरलं आणि रेघ मारली, बारीक ब्रशनं, अगदी सरळ. भोंगा वाजला तेव्हा मी हात धूत होते.

एक वाजता खाली आले. ऑइल गळतंय का बघायला बॅटरी घेऊन वाकले. गळत नव्हतं. रेघ मात्र तुटली होती.

तांदळाच्या दाण्याएवढी. बोल्टवरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या पुढे गेला होता. पुढे, म्हणजे आवळायच्या दिशेनं.

बोल्ट आपोआप सैल होतो. आपोआप घट्ट होणारा बोल्ट मी जन्मात पाहिलेला नाही. मी स्वतःला समजावलं, रंग ओला असताना बोट लागलं असेल. बोट लागलं तर रेघ फिसकटते. ही फिसकटली नव्हती, कापून बाजूला सरकवल्यासारखी होती. तरीही मी ती पुसली, नवीन मारली आणि मासळीबाजारातल्या एका मोपेडचा ब्रेक उघडून बसले. संध्याकाळपर्यंत चार वेळा वाकून बघितलं. रेघ होती तशीच होती.

४

बुधवारी जेवायला जाताना शटर पूर्ण खाली ओढलं आणि कुलूप घातलं. वडिलांच्या काळापासून दुपारी कुलूप घातलेलं मला आठवत नाही. वर जेवण तसंच राहिलं. तरी मी एक वाजेपर्यंत वरच बसले. का, तर नियम म्हणून. माणूस घाबरला की नियमाला धरून बसतो.

कुलूप तसंच होतं. रेघ या वेळी जोंधळ्याच्या दोन दाण्यांएवढी सरकली होती.

मी टॉर्क पाना लावून उलटा फिरवून बघितला, किती जोर लागतो ते. साडेपाच किलोला बोल्ट सुटला. तीनवर आवळलेला बोल्ट. वॉशर चेपून कडेनं बाहेर आला होता आणि माझी नवी गुंडाळी भोकातून अर्धा आटा वर उचलली गेली होती. असंच आणखी दोन दिवस चाललं असतं, तर रविवारी पोरगी घाटात असताना ती गुंडाळी बोल्टासकट बाहेर आली असती.

मी मागोशिचींना फोन केला. गल्लीच्या टोकाला त्यांचं लेथचं दुकान, वय ब्याऐंशी, जिभेला हाड नाही. आले, खाली वाकले आणि म्हणाले, "कुणी बैल ठेवलायस का गं कामाला?"

"मीच आवळलं."

"तू? तुझ्या बापानं तुझ्या मनगटाला नावं ठेवली, पण तुला मोजता येतं हे गावाला माहीत आहे. हे तुझं काम नव्हे."

मी डबी उघडून ती अॅल्युमिनियमची पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. "आणि हे? हे जुन्या भोकातलं आहे. सहा वर्षांपूर्वीचं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि नखानं उलटीपालटी केली. मला हवं होतं त्यांनी थट्टा करावी.

"तोमिए," ते म्हणाले, "बोल्ट आवळायचा राहिला असता, तर फिरत फिरत गळाला असता. मग भोकातले आटे शाबूत राहिले असते. हे सोललेत. अति तिथं माती. कुणीतरी जीव खाऊन आवळलं होतं."

"म्हणजे विसरला नव्हता."

"विसरला असता तर बरं झालं असतं," मागोशिची म्हणाले. पट्टी त्यांनी डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि चहाला न थांबता गेले.

५

गुरुवारी मी सकाळी नवी गुंडाळी बसवली. पुन्हा तीन किलो, पुन्हा रेघ. भोंगा वाजला, शटर खाली ओढलं, हात धुतले. आणि वर गेले नाही. गाडीपासून चार हातांवर टायरांची चळत आहे, तिच्यामागे स्टूल टाकून बसले. भर दुपार, वरच्या काचेतून दुकानभर ऊन. स्वतःला म्हटलं, उंदीर असेल, जमीन हादरत असेल, काही का असेना, एकदा डोळ्यांनी बघू आणि मोकळे होऊ.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग वरून आवाज आला.

वाडगा मेजावर ठेवल्याचा आवाज. मग जेवायच्या काड्या. मग लोणच्याचा कुडुम कुडुम. वर कुणी नव्हतं. मी वर नव्हते. मी खाली बसून, माझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी सावकाश जेवत असल्याचं ऐकत होते. खुर्ची मागे सरकली. नळ सुटला, बंद झाला. मग जिना. चौथी पायरी करकरते, ती करकरली.

मी जिन्याकडे बघितलं नाही. माझ्याच्यानं मान वळेना. मी रेघेकडे बघत राहिले, डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी. टेकूंवरची गाडी, तिच्याखाली ऊन, आणि पलीकडच्या बाजूनं त्या उन्हात एक हात आला.

कोपरापासून खाली. बाही कात्सुहेई दुमडायचा तशी, आतल्या बाजूला दुमडलेली. हातात साधा पाना. पाना बोल्टवर बसला, आणि हातावरच्या शिरा फुगल्या. जोर लावताना माणसाच्या फुगतात, तशाच. गाडीच्या पलीकडे खांदा असायला हवा होता, डोकं असायला हवं होतं. मी बसले होते तिथून सीटवरून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

"कात्सु," मी म्हटलं. "झालंय ते घट्ट. राहू दे."

पाना थांबला नाही. रेघ माझ्या डोळ्यांदेखत तुटली. गुंडाळीचा कच्च असा आवाज आला, दातात खडा आल्यासारखा.

"कात्सु, रविवारी तेरुयुकींची पोर बसणार आहे यावर."

हात आणखी जोरात. मला कळलं तेव्हा, की हे सांगून उपयोग नाही. पोर बसणार आहे म्हणूनच तर तो आवळतोय. तो विसरला नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही बोल्ट पडला. मग त्यानं स्वतःशी काय गणित मांडलं असेल? हेच, की आवळलं ते पुरलं नाही. आणखी आवळायला हवं होतं. मेल्यावरही माणूस त्याच गणितापाशी बसला होता.

खरं सांगते, मला भीती वाटत होती त्याहून जास्त रडू येत होतं.

"त्या दिवशी तू आवळलं होतंस," मी म्हटलं. "मी इथेच होते. विसरलो म्हणालास, कारण आवळलं होतं म्हणाला असतास तर माझं पहिलं आवळणं कच्चं ठरलं असतं. सगळा गाव म्हणाला असता, बाईचं मनगट. मला कळत होतं, आणि मी तुला बोलू दिलं. आता ऐक. माझं कच्चं नव्हतं. तुझं कमी पडलं नव्हतं. आटे सोलले होते, कात्सु. तुझ्या जोरानं सोलले होते. तेरुयुकी त्या जोरानं गेले."

हात थांबला. पाना बोल्टवर तसाच. मग बोटं एकेक करून सुटली, तापल्या भांड्यावरून सुटावीत तशी, आणि हात उन्हातून मागे गेला. पाना जमिनीवर पडला. तो आमचाच होता, खुंटीवरचा. दांडा कोमट होता.

तेवढ्या बोलण्यानं माझा दम गेला होता. एक वाजेपर्यंत मी तिथेच बसून राहिले आणि मग जाऊन वर बघितलं. वाडगा धुऊन पालथा ठेवलेला होता. सकाळी मीच ठेवला असेन.

६

शुक्रवारी तिसरी गुंडाळी बसवली. बारा ते एक मी वर जेवले. रेघ सलग. शनिवारी पुन्हा बघितलं, सलग. चार वर्षांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं. वाटलं, जे त्याला जिवंतपणी सांगायला हवं होतं ते उशिरा का होईना सांगितलं आणि तो सुटला. मी तसबिरीसमोर त्याच्या आवडीची तांदळाची दारू वाटीभर ठेवली आणि वाटीभर स्वतः घेतली.

रविवारी सकाळी आठला सायोरी आली. काळा कोट, वर हेल्मेट. पाठीवरच्या पिशवीतून शेवंतीची फुलं डोकावत होती.

"आई ट्रेननं जातेय," ती म्हणाली. "म्हणाली, तुला पोचलेली बघितल्यावर ठरवीन बोलायचं की नाही ते."

"मग पोच बापडे."

मी तिला खाली वाकायला लावलं आणि रेघ दाखवली. "ही बघ. कुठेही थांबलीस की एकदा बघायची. सलग असली की पुढे."

"काकू," ती रेघेकडे बघत म्हणाली, "कात्सुहेई काका घरी यायचे ना, तेव्हा एकदा मी त्यांना म्हटलं होतं, नका येऊ आता, पुरे झालं. तर म्हणाले, किती झालं म्हणजे पुरे, ते मला कधी कळलंच नाही गं."

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, की डबीत काय आहे. उद्या सांगू, म्हटलं, आजचा दिवस तिच्या बापाचा आहे. तिनं किक मारली. इंजिन एका दमात चालू झालं. वळणापर्यंत मी बघत होते, आणि रस्त्यावर ऑइलचा एक थेंब नव्हता.

७

आत येऊन स्टुलावर बसले, आणि स्टूल माझ्याखाली कलंडलं.

पायाचा स्क्रू निघून जमिनीवर पडला होता. वाकून उचलताना समोर मासळीबाजारातली मोपेड दिसली. परवा तिच्या ब्रेकच्या नटांवर मी रेघ मारली होती. तिन्ही नटांवरची रेघ तुटली होती. पाव फेरा, उलट दिशेला. मी शेजारच्या गाडीकडे गेले. तीही. चाक, हँडल, सायलेन्सर. मांडणीची फळी, शटरचे बोल्ट, भिंतीवरच्या खुंट्या. जिथे जिथे या दुकानात कधी काही आवळलं गेलं होतं, तिथे तिथे पाव फेरा सैल. कुणीतरी अख्खं दुकान शांतपणे, एकेक करून, सोडवत आणलं होतं.

जोरानं माणूस गेला, असं मीच त्याला सांगितलं होतं.

आणि मी सकाळी सायोरीच्या गाडीची एकच रेघ बघितली होती. पुढच्या चाकाच्या आसाला खालून धरणारे चार नट असतात. ते मी शुक्रवारी आवळले होते, पण आज त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

मी सायोरीला फोन लावला. तीनदा नुसताच वाजला. चौथ्यांदा तिनं उचलला.

"काकू? मीच करणार होते."

"कुठे आहेस?"

"घाटाच्या पायथ्याशी. ते थंड पेयांचं मशीन आहे ना, तिथे. हँडल जरा हलल्यासारखं वाटलं म्हणून थांबले."

"थांबलीस ते देवासारखं केलंस. आता गाडीवर बसू नकोस. मी येतेय."

"पण तुम्ही पाठवलंय ना एकांना?" ती म्हणाली. "आत्ताच आलेत. तुमच्या दुकानाचा डगला घातलाय, पाठीवर नाव आहे. पुढच्या चाकापाशी बसलेत."

"कोण आहे?" मी विचारलं.

"टोपी खाली ओढलीय, तोंड नाही दिसत. पाना आहे हातात."

"सायोरी, पाना कुठल्या बाजूला फिरवतायत, बघ. नीट बघ."

"त्यांचीच पाठ आड येतेय." मग ती फोनपासून जरा लांब जाऊन कुणाशी तरी बोलली, आणि परत आली. "काकू, ते विचारतायत, पुरे का? काय सांगू?"

लग्नापासून तो मला हे विचारत आला. गाडीखाली निजलेला असायचा आणि ओरडायचा, "तोमिए, पुरे का?" मी कधी मासळी परतत असे, कधी वर्तमानपत्र वाचत असे. जिथे असेन तिथून, मान वर न करता, मी म्हणायची, "हो." तेरुयुकींच्या गाडीच्या वेळीही त्यानं विचारलं होतं. मी जिन्यात होते. मी म्हटलं, "हो, पुरे." हे मी पोलिसांना सांगितलं नाही, तेरुयुकींच्या बायकोला सांगितलं नाही, आणि गुरुवारी त्याला एवढं सगळं सुनावलं, तेव्हाही हे सोडून बाकी सगळं सांगितलं.

"काकू?"

"मला माहीत नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "इथून मला दिसत नाही. मी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. तोवर चाकाला हात लावू नको म्हणावं त्याला, आणि तूही लावू नकोस."

सायोरीनं फोन त्याच्यापुढे धरला असावा. वारा ऐकू आला, एक ट्रक गेला. मग अगदी जवळून, टोपीच्या आतून बोलल्यासारखा, माझ्या ओळखीचा आवाज म्हणाला, "ये मग. थांबतो."

मी दुकानाच्या ट्रकच्या किल्ल्या घेतल्या.